पन्हाळ्यावरचं दरीकडचं घर: तोंडावरचा खर्च आणि पोटातला खर्च

प्रश्न थोडक्यात असा. मूळच्या कोल्हापूरच्या, आता नोकरीनिमित्त पुण्यात असलेल्या एका ताईंनी पन्हाळ्यावर घर बघितलंय. मालकांच्या आजोबांनी बांधलेलं, जांभ्याच्या भिंतींचं, सध्या तीन भावांच्या नावावर. दोन वर्षांपूर्वी ‘पूर्ण रिनोव्हेट’ केलेलं. खाली तीन खोल्या, वर एक, पश्चिमेला दरीकडे नवी गॅलरी आणि हॉलला आठ फुटी काचेची खिडकी. बांधकाम 1,150 चौरस फूट, जागा साडेतीन गुंठे, मागणी 85 लाख. डिसेंबरात जाऊन बघून आल्या, घरात सगळ्यांना आवडलं, आता मालक इसार मागतायत. सोबत सात फोटो आणि मालकांनी दिलेला खर्चाचा कागद जोडून त्या विचारतात: घ्यावं का, आणि किंमत बरोबर आहे का?

ताई, आधी सरळ उत्तर देतो. इसार आत्ता देऊ नका. घर वाईट आहे असं मी म्हणत नाही. तुम्ही पाठवलेल्या सात फोटोंपैकी पाच दरीचे आहेत आणि दोनच घराचे, एवढंच म्हणतोय.

मी 27 वर्षं कोल्हापुरात स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून काम करतो, बँकांसाठी मूल्यांकनही करतो. 2019 आणि 2021 चे महापूर होऊन गेल्यावर उंचावरच्या घरांची विचारणा एकदम वाढली, ते साहजिकच होतं. दोन्ही वेळा राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा 55 फुटांच्या पुढे गेली. धोक्याची पातळी 43 आहे. ज्यांच्या घरात छातीएवढं पाणी आलं त्यांना डोंगरावरचं घर म्हणजे सुटका वाटली. पण पाणी तुमची पाठ तिथंही सोडत नाही. खाली ते दारातून येतं, वर ते पायाखालून जातं. त्याच 2021 च्या जुलैत पन्हाळ्यावर चढणारा मुख्य रस्ता खचला होता, आठवत असेल.

आता तो खर्चाचा कागद घेऊ, कारण माझं अर्धं उत्तर त्यातच आहे. मालक म्हणतात 24 लाख घातले. कागदावर काय आहे? पीओपी आणि लाईट 5 लाख, फरशी साडेचार, मॉड्युलर किचन 4, रंग 2, गॅलरी आणि काच 5, तीन बाथरूम साडेतीन. बेरीज बरोबर 24. यात वाशांना एक रुपया नाही. पायाला नाही, गटारीला नाही, मागच्या बांधाला नाही. आमच्याकडे जुने मिस्त्री खर्चाचे दोन भाग पाडायचे, तोंडावरचा आणि पोटातला. हा सगळा तोंडावरचा आहे. आणि जुन्या घराला वय लागतं ते पोटात.

तोंडावरचा खर्च केला म्हणून मालक लबाड ठरत नाहीत. बहुतेक घरांत पैसे संपतात ते असेच, आधी जे पाहुण्यांना दिसतं त्यावर. पण घेणाऱ्याला त्याचा एक वेगळा तोटा आहे. घर जुनंच राहिलं असतं तर ते तुमच्याशी बोललं असतं. ओल कुठं येते, कुठली तुळई वाकलीय, कुठल्या भिंतीला लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरट थर, लागतो, सगळं उघड दिसलं असतं. आता त्यावर पुट्टी आहे. म्हणून माझी पहिली मागणी नेहमी एकच असते, नूतनीकरणाच्या आधीचे फोटो दाखवा. मोबाईलच्या जमान्यात ते नसतात असं होत नाही. लग्नाचा, गणपतीचा, पोराच्या वाढदिवसाचा कुठला तरी फोटो निघतो, आणि त्यात पाठीमागची भिंत असते. एका घराचा सौदा मी गौरीच्या आराशीच्या फोटोवरून थांबवला होता. गौरीच्या मागे, मुकुटाच्या वर, भिंतीत मनगट जाईल एवढी भेग होती. आम्ही बघितलं तेव्हा त्या जागी सुंदर वॉलपेपर होता.

आता तुमच्या घराकडे. दोनच फोटो आहेत, पण त्यांत तीन गोष्टी दिसतात.

पहिली, ती आठ फुटी खिडकी. जांभ्याच्या घरात छताचं वजन भिंतींवर असतं, खांबांवर नसतं. दीड फूट जाडीची ती पश्चिमेची भिंत म्हणजे घराचा एक पाय आहे. पूर्वी तिथं तीन फुटी खिडक्या असणार, दोन. मधला भाग काढून सलग आठ फूट उघडं केलं की वरचं सगळं वजन दोन्ही बाजूंच्या उरलेल्या भिंतीवर येतं. हे करता येतं, मीही केलंय. पण वर लोखंडी गर्डर किंवा हिशेबानं काढलेला आरसीसी लिंटेल, म्हणजे उघड्या जागेवरची आडवी तुळई, लागतो, तो दोन्हीकडे किमान 8-9 इंच टेकलेला लागतो, आणि तो जिथं टेकतो तिथं जांभा खरवडून काँक्रीटची उशी द्यावी लागते, नाहीतर दगड चिरडतो. तुमच्या चौथ्या फोटोत खिडकीच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातून छताकडे तिरकी जाणारी एक रेघ दिसते. फोटो मोठा करून बघा. पडद्याच्या दांडीची सावली आहे असं मला आधी वाटलं, पण सावली कोपऱ्यात वळत नाही.

ती नुसती गिलाव्याची रेघ असू शकते. केसासारखी बारीक असेल आणि फक्त आतूनच दिसत असेल तर फार काळजी नको. तीच रेघ भिंतीच्या बाहेरच्या बाजूला त्याच जागी असेल, किंवा तिच्यात नाण्याची कड शिरत असेल, किंवा ती वर रुंद आणि खाली अरुंद असेल, तर भिंत हलतेय. वर उघडी, खाली मिटलेली भेग बहुतेक वेळा सांगते की घराची एक कड खाली चाललीय. कुठली कड, ते सांगायला ज्योतिषी नको. दरीकडचीच.

दुसरी, लोणा. सहाव्या फोटोत गॅलरीच्या दाराशेजारी, फरशीपासून फूटभर उंचीवर, नव्या रंगाखाली पांढरट फुगवटा दिसतो. जांभा हा सच्छिद्र दगड. खाणीतून काढताना करवतीनं कापता येतो इतका मऊ, हवा लागली की टणक होतो, पण पाणी प्यायचं सोडत नाही. जुनी माणसं तो मातीत किंवा चुन्यात रचायची आणि वरून चुन्याचा गिलावा द्यायची, कारण चुना ओल बाहेर सोडतो. भिंत पावसाळ्यात पिते, थंडी-उन्हाळ्यात सोडते, तिचा श्वास चालू राहतो. तिच्यावर सिमेंटचा गिलावा आणि त्यावर प्लास्टिक पेंट मारला की आत गेलेलं पाणी आतच अडकतं. मग ते क्षार घेऊन जिथं वाट मिळेल तिथं फुटतं. दोन पावसाळ्यांत रंग फुगतो, चौथ्या-पाचव्या पावसाळ्यापर्यंत गिलावा पोपडे धरतो, आणि भिंत मातीतली असेल तर आत सांध्यातली माती लोण्यासारखी मऊ होते. तुमचे मालक विकायला दोन पावसाळ्यांनंतरच निघालेत. योगायोगही असू शकतो.

तिसरी गोष्ट घराची नाही, कुंपणाची आहे. त्याच सहाव्या फोटोत गॅलरीच्या खाली कडेला सिमेंटचे चार खांब दिसतात, तारेच्या कुंपणाचे. त्यांतले दोन बाहेर झुकलेत. कुणी धक्का दिला असेल, गव्यानं अंग घासलं असेल; गवे तिकडे फिरतात, त्यात नवल नाही. पण शेजारच्या झाडाचं खोड बुंध्यापाशी दरीकडे वाकून मग सरळ वर गेलं असेल, तर जमीन वर्षानुवर्षं हळूहळू सरकतेय असं समजायचं. झाड दर वर्षी स्वतःला सरळ करतं, खांबाला ते जमत नाही.

हे का होतं ते समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं जाईल. पन्हाळ्याच्या माथ्यावर जांभ्याची टोपी आहे आणि खाली काळा पाषाण. या दोहोंच्या मध्ये कुजलेल्या दगडाची मऊ, चिकट, पांढरट-तांबूस माती असते. वरचा जांभा पाणी खाली सोडतो, खालचा पाषाण ते पुढे जाऊ देत नाही, म्हणजे मधली माती पाण्यानं फुगते आणि कडेला घसरायला बघते. वरचा जांभ्याचा कडा कितीही भक्कम दिसो, तो या मऊ गादीवर बसलाय. म्हणून कडेवरच्या घराबाबतीत माझा पहिला प्रश्न असतो, पाणी कुठं जातं?

हिशेब करून बघा. तुमच्या घराचं छप्पर अंदाजे 65 चौरस मीटर धरा. एका दिवसात 100 मिलिमीटर पाऊस झाला, आणि आषाढात तो होतो, तर एकट्या छपरावरून 6,500 लिटर पाणी उतरतं. पाच हजार लिटरचा टँकर भरून वर उरेल एवढं. जुन्या घरात हे पाणी पागोळ्यांनी चारी बाजूंना पडायचं आणि अंगणातल्या दगडी चरीतून लांब जायचं. नव्या घरात पन्हळ लावून ते दोन पाईपांत गोळा केलंय, छान. ते दोन पाईप कुठं सोडलेत? मी जी घरं बघितली त्यांत दहापैकी सहांमध्ये ते गॅलरीच्या खाली, दरीच्या तोंडावर सोडलेले असतात, कारण तिथून कुणाला दिसत नाहीत.

त्याहून लबाड असतो शोषखड्डा. पूर्वी या घरात एक संडास होता, अंगणाच्या टोकाला. आता तीन बाथरूम आहेत. चार माणसं राहिली तर माणशी 135 लिटर धरून रोजचं साडेपाचशे लिटर सांडपाणी. पावसाळा असो नसो, बारा महिने. सेप्टिक टाकीतून ते शोषखड्ड्यात जातं आणि शोषखड्डा बहुतेक कडेलाच खणलेला असतो, कारण उतार तिकडेच आहे. म्हणजे त्या मऊ गादीला तुम्ही रोज पाणी पाजताय, आणि वर बसून दरी बघताय.

गॅलरीचा प्रश्न तर दुहेरी आहे. एक बाजू वजनाची. कौलारू छप्पर वासे-रिपांसकट चौरस मीटरला साधारण 65 किलो भरतं. पाच इंची स्लॅब 300 किलोच्या पुढे. वरच्या एका खोलीवर कौलं काढून स्लॅब टाकला असेल आणि त्यावर हजार लिटरची टाकी ठेवली असेल, म्हणजे आणखी एक टन, तर जुन्या पायाला कुणी विचारलं होतं का? गॅलरी चार फूट बाहेर काढलीय तर तिची सळई आत किती लांब गेलीय, मागून तिला दाबून कोण धरतंय? मातीतल्या भिंतीत नुसती खाच पाडून बसवलेली गॅलरी मी बघितलीय. मालकांनी मला तिच्यावर उभं राहून चहा प्यायचा आग्रह केला. मी आत, उंबऱ्याच्या अलीकडे उभं राहून प्यालो. चहा चांगला होता.

दुसरी बाजू कायद्याची, आणि पन्हाळ्यावर ही फार महत्त्वाची आहे. पन्हाळगड केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक आहे. 1958 च्या स्मारक कायद्यात 2010 साली दुरुस्ती झाली. तिच्यानुसार संरक्षित क्षेत्रापासून 100 मीटर हा प्रतिबंधित पट्टा, त्यापुढे 200 मीटर नियंत्रित. प्रतिबंधित पट्ट्यात नवं बांधकाम नाही, पाडून पुन्हा बांधणंही नाही. 16 जून 1992 च्या आधीपासून असलेल्या घराची दुरुस्ती आणि नूतनीकरण करता येतं, पण सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून, राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाच्या परवानगीच्या मार्गानंच. आणि आता नीट वाचा: घराला आडवी किंवा उभी वाढ देणं कायद्याच्या व्याख्येत दुरुस्तीत मोडत नाही, ते बांधकामात धरतात. तुमची ती दरीकडची नवी गॅलरी ही आडवी वाढ आहे. वरची खोली जर दोन वर्षांपूर्वीच चढवली असेल तर ती उभी वाढ. शिक्षेची तरतूद दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी आहे. कारवाई कुणावर होते तो वकिलांचा विषय, पण पाडायची वेळ आली तर पडणारी गॅलरी तुमची असेल.

हे 100 मीटर कुठल्या तटापासून, कुठल्या वास्तूपासून मोजायचे, ते मोबाईलच्या नकाशावर स्वतः ठरवू नका. मालकांच्या तोंडी शब्दावर तर नकोच. ‘इथं सगळ्यांनीच केलंय’ हे उत्तर तुम्हाला हमखास मिळेल. जुलै 2025 मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावानं 12 किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यांत पन्हाळा आहे. नामांकनाच्या काळात गडावरच्या रहिवाशांना विस्थापनाची धास्ती वाटत होती. ती वेगळी गोष्ट. तुमच्यापुरतं एवढंच की आता गडावरच्या प्रत्येक नव्या विटेकडे पूर्वीपेक्षा जास्त डोळे लागलेत. नूतनीकरणाची परवानगी, नगरपरिषदेची मंजुरी आणि मंजूर नकाशा, हे तीन कागद हातात आल्याशिवाय गॅलरीचा एकही रुपया किमतीत धरू नका.

कागदांचंच चाललंय तर पुढे जाऊ. घरफाळ्याची पावती हा मालकीचा पुरावा नाही, एवढं एकदा मनात पक्कं करा. आपल्याकडे लोक घरफाळा दाखवून जमीन विकतात आणि लोक घेतातही. मिळकत पत्रिका किंवा सातबारा, जे असेल ते, आणि त्यावरचे सगळे फेरफार मागा. मिळकत पत्रिकेवर सत्ताप्रकार बघा, सरकारी भाडेपट्ट्याची किंवा अटीची जागा असेल तर विकायला आधी परवानगी लागते. सातबारा असेल आणि जमीन शेतीची असेल तर बिगरशेतकऱ्याला ती घेता येत नाही, तुमच्या किंवा यजमानांच्या नावावर शेती आहे का ते बघावं लागेल. आणि कोल्हापूर जिल्ह्यात एक गोष्ट नेहमी तपासायची, देवस्थान इनाम. आपल्याकडे देवांच्या नावावर जमीन फार आहे, पश्चिम महाराष्ट्र देवस्थान समितीच्या अखत्यारीतच तीन हजारांवर देवस्थानं येतात. सातबाऱ्याच्या ‘इतर अधिकार’ रकान्यात ‘देवस्थान’ हा शब्द दिसला की पेन खाली ठेवायचं आणि वकिलाला फोन करायचा.

तीन भाऊ मालक आहेत म्हणालात. बहीण किती? तुम्ही लिहिलं नाही, आणि मालकांनीही बहुधा सांगितलं नसेल. मिळकत वडिलोपार्जित असेल तर हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनं मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, आणि ती लागू झाली त्या 9 सप्टेंबर 2005 रोजी वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 11 ऑगस्ट 2020 च्या निकालात स्पष्ट केलंय. 20 डिसेंबर 2004 च्या आधी नोंदणीकृत वाटणी झाली असेल तर गोष्ट वेगळी. बहिणीनं ‘तोंडी सोडलंय’, ‘साडी-चोळी घेऊन गेलीय’ याला कागदावर किंमत नाही. नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवं, किंवा ती खरेदीखतावर सही करायला समोर हवी. सौदे अडतात ते इथंच. इचलकरंजीला दिलेल्या बहिणीला कुणी आंब्याच्या पेटीएवढासुद्धा मान दिलेला नसतो, आणि ती मग सहीच्या दिवशी येत नाही. तिची चूक आहे असं मला कधी वाटलं नाही.

30 वर्षांच्या व्यवहारांचा सर्च, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, हद्द कायम मोजणी, हे तुमचे वकील करतीलच. मोजणी मात्र टाळू देऊ नका. गॅलरी किंवा तो शोषखड्डा खालच्या दुसऱ्याच्या जागेत गेला असेल तर ते मोजणीतच कळतं. जुन्या घरांची विक्री महारेराच्या, म्हणजे बिल्डरांवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाच्या, कक्षेत येत नाही, तेव्हा तिथं दाद मागता येईल या भरवशावर राहू नका. किंमत 50 लाखांच्या वर आहे म्हणून 1 टक्का टीडीएस तुम्ही कापून भरायचा, तिघांच्या पॅनवर ज्याच्या त्याच्या हिश्शानं. नोंदणी फी 30,000 च्या वर जात नाही. खरेदी फक्त तुमच्या नावावर केली तर निवासी घराला मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे. रोखीत 20,000 किंवा जास्त घ्यायचे-द्यायचे नाहीत, ‘थोडे वर-खाली’ कुणी म्हणालं तरी.

आणि ती दरी. 85 लाखांतला मोठा भाग तुम्ही दरीसाठी देताय, हे तुम्हालाही माहीत आहे. खरेदीखतात चतुःसीमा लिहिलेली असते, दृश्य लिहिलेलं नसतं. उजेड आणि वारा 20 वर्षं निर्वेध मिळत असेल तर त्याचा सुविधाधिकार, म्हणजे तो पुढेही मिळत राहण्याचा हक्क, सांगता येतो, देखाव्याचा सांगता येत नाही. समोर कुणी कायदेशीर बांधलं किंवा नुसती झाडं लावली तर तुम्ही काही करू शकत नाही. माझ्या एका ग्राहकानं गगनबावड्याच्या वाटेवर अशीच जागा घेतली होती. खालच्या शेतकऱ्यानं बांधाला सिल्व्हर ओक लावले. दहा वर्षांत दरी गेली, आता त्यांना फक्त वटवाघळं दिसतात. म्हणून गॅलरीतून खाली बघून विचारा, ही जमीन कुणाची? वनखात्याची असेल तर दृश्याला धोका कमी. खाजगी असेल तर दृश्याची किंमत निम्मी धरा. शिवाय जून ते सप्टेंबर बरेच दिवस त्या काचेतून नुसता पांढरा पडदा दिसेल. धुकं कुणाला आवडतं, कुणाला त्यात कपडे वाळत नाहीत म्हणून रडू येतं. एक आठवडा श्रावणात भाड्यानं राहून बघितलं तर आपण कुठल्या जातीतले ते कळतं.

पश्चिमेची दरी आणि आपला पाऊस यांचं नातंही लक्षात घ्या. नैर्ऋत्येकडून येणारा पाऊस तिरका मारतो, समोर अडवायला काही नसतं. जुन्या घरांना त्या बाजूला खिडक्या लहान आणि वळचण मोठी असायची. आजोबांना दरी दिसत नव्हती असं नाही.

आता तुम्ही काय करायचं. पुढच्या खेपेला सकाळी जा, सोबत एक स्क्रूड्रायव्हर, टॉर्च, जाड नाणं आणि ओळखीचा कुणी जुना गवंडी घ्या. मालकांची परवानगी घेऊन पश्चिमेच्या भिंतीवरच्या एका स्विचबोर्डाची पट्टी काढा. आत डबीच्या कडेनं मूळ भिंत दिसते. जांभा चुन्यात आहे की मातीत, तिथं बोट लावलं की कळतं. माती बोटाला ओली चिकटली तर काय ते समजा. मग छताच्या पीओपीतला एक गोल दिवा खाली ओढा, तो स्प्रिंगवर असतो, सहज निघतो. त्या भोकातून मोबाईल वर घालून व्हिडिओ काढा. वासे दिसतील. काळपट ओघळ, पिठासारखा भुसा, वाळवीची मातीची नळी, यांतलं काही आहे का बघा. सगळ्या घराचं छत उघडायला लावलं तर मालक चिडतील. एका दिव्याला कुणी नाही म्हणत नाही. म्हणालेच, तर तेही उत्तरच.

फरशीवर नाणं वाजवत दरीकडच्या भिंतीपर्यंत जा. मधे टणक आणि कडेला बद वाजत असेल तर खालचा भराव बसलाय. हॉलच्या मध्यावर गोटी ठेवा, ती कुठं जाते बघा. फरशी नवीन असल्यानं ती सपाटच असायला हवी. दोन वर्षांत ती दरीकडे धावत असेल तर मला लगेच कळवा. मग घराच्या मागे, कुंपणापाशी जा. बांध असेल तर त्याला पाणी निघायची भोकं आहेत का, आणि ती उघडी आहेत का. पावसाळी पाईपांची तोंडं शोधा. शोषखड्डा कडेपासून किती पावलांवर आहे ते मोजा.

किमतीचं असं. 24 लाख घातले म्हणून 24 लाख वाढले हा हिशेब कुठलंच मूल्यांकन मानत नाही. किचन आणि पीओपीचं मोल रोज उतरतं. जागेची किंमत रेडी रेकनर (सरकारी दर) आणि आसपासच्या नोंदलेल्या खरेद्यांवरून काढा, नोंदणी कार्यालयात त्या खरेद्यांच्या सूची क्रमांक 2 च्या नकला मिळतात. जुन्या बांधकामाला घसारा लावा. गॅलरी परवानगीशिवाय असेल तर शून्य. आणि पोटातलं काम, म्हणजे बांध, गटारी, शोषखड्डा रस्त्याच्या बाजूला हलवणं, खिडकीवर गर्डर, पश्चिमेच्या भिंतीचा सिमेंट गिलावा खरवडून चुन्याचा करणं, हे मी फोटोंवरून 10 ते 12 लाखांचं धरतो, प्रत्यक्ष बघून ते कमी-जास्त होईल. ते मागणीतून वजा करूनच बोलणीला बसा. मालक म्हणतील, ‘एवढं नवंकोरं घर आणि दुरुस्ती कसली?’ तेव्हा तो खर्चाचा कागद त्यांच्यासमोर ठेवा आणि वाशांचा आकडा कुठं आहे एवढंच विचारा.

एक पावसाळा जाऊ देऊन, भेग वाढते का ते बघून मगच घेणं उत्तम. मालक पावसाळा संपेपर्यंत थांबायला तयार नसतील, तर नोंदणीकृत साठेखत करा, थोडी रक्कम द्या आणि खरेदीखताची तारीख ऑक्टोबरची ठेवा. भेग वाढली किंवा परवानग्या मिळाल्या नाहीत तर पैसे परत, हे कलम त्यात स्पष्ट घाला. खिडकीवरच्या त्या रेघेवर आत्ताच एक काचेची पट्टी एपॉक्सीनं आडवी चिकटवून घ्या, रेघेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच येईल अशी. आधी तिथला रंग खरवडा, नाहीतर रंगच निघून येतो आणि काच शाबूत राहते. भिंत हलली तर काच तडकते. पट्टीवर मार्करनं तारीख लिहायला विसरू नका, आणि फोटो काढताना या वेळी दरीकडे पाठ करून उभ्या राहा.